दारावरचा डोळा

मोडनिंबच्या बाजारपेठेत आज पाहावे तिकडे कॅमेरे दिसतात. सोनाराच्या दुकानावर आहे, मेडिकलवर आहे, पेट्रोलपंपावर तर चार-चार आहेत. पुणे-सोलापूर हमरस्त्यावरचे हे माढा तालुक्यातले गाव. रात्रभर ट्रक धावत असतात, कुर्डुवाडी-पंढरपूर लोहमार्गावरचे स्टेशन आहे, आल्यागेल्यांची वर्दळ असते. तेव्हा दुकानदाराने कॅमेरा लावला तर नवल नाही. आता तर नवे घर बांधणारा माणूसही दाराची चौकट बसवतानाच वायरमनला विचारतो, की कॅमेऱ्याची वायर कुठून काढायची?

पण दाराबाहेर कोण उभे आहे ते घरात बसून पडद्यावर पाहायचे, त्याच्याशी आतूनच बोलायचे, ओळखीचा निघाला तर बसल्या जागेवरून कडी उघडायची आणि संशय आला तर बटण दाबून मदत बोलवायची, ही सगळी व्यवस्था एकत्र गुंफून तिचे पेटंट प्रथम कोणी घेतले? वाचकहो, कोणा बड्या कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञाने नव्हे. ती एक नर्स होती. रातपाळ्या करणारी, काळ्या समाजातली नर्स. तिचे नाव मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन.

मेरीचा जन्म ३० ऑक्टोबर १९२२ रोजी न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्स भागात जमैका नावाच्या वस्तीत झाला. हे जमैका म्हणजे वेस्ट इंडिजमधले, क्रिकेटवाल्यांचे जमैका नव्हे. नाव सारखे, एवढेच. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले ते शहरही न्यूयॉर्कच. मेरीचा नवरा अल्बर्ट ब्राऊन हा इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ. दोघेही कमावते, दोघांच्याही कामाच्या वेळा आडनिड्या. नर्सची पाळी कधी दिवसा, कधी रात्री. ती घरी येईल तेव्हा नवरा कामावर, नवरा येईल तेव्हा ती इस्पितळात. आमच्या ज्या भगिनी सिव्हिलमध्ये किंवा ग्रामीण रुग्णालयात नोकरी करतात, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

अशा घरात अवेळी एकटीच असताना दारावर थाप पडली, की काय करायचे? दार उघडावे तर कोण असेल ठाऊक नाही. न उघडावे तर शेजारची कोणी अडली-नडलेली असायची. १९६० नंतरच्या वर्षांत त्या वस्तीत चोऱ्यामाऱ्या वाढल्या होत्या आणि बोलावल्यावर पोलीस लवकर येत नाहीत, हा लोकांचा अनुभव होता. त्याच क्वीन्समध्ये १३ मार्च १९६४ च्या पहाटे किटी जेनोव्हीज नावाची तरुणी कामावरून घरी परतत असताना तिच्या इमारतीजवळच तिचा खून झाला. अडतीस जण खिडकीतून पाहत राहिले आणि कोणी हालले नाही, असे तेव्हा वर्तमानपत्रात छापून आले. तो आकडा फुगवलेला होता, हे पुढे उघड झाले. पण त्या खुनाने एकट्यादुकट्या बाईच्या मनात जी धडकी भरली, ती काही खोटी नव्हती. पोलिसांना बोलवायला आज आपल्याकडे ११२ हा एक नंबर आहे. न्यूयॉर्कमध्ये असा एकच नंबर, ९११, सुरू झाला तो १९६८ साली. तोपर्यंत ज्या त्या चौकीचा नंबर शोधा, नाहीतर टेलिफोन ऑपरेटरला विनवण्या करा, असा प्रकार होता.

मेरीने नशिबाला बोल लावला नाही. तिने नवऱ्याला बरोबर घेतले आणि दोघांनी मिळून एक यंत्रणा आखली.

ती कशी होती ते आम्ही जरा सविस्तर सांगतो, कारण गंमत त्या तपशिलातच आहे. दाराला पाहण्यासाठी एकाखाली एक अशी चार भोके पाडायची. चारच का? तर दाराशी येणारा प्रत्येक जण सारख्याच उंचीचा नसतो. उंचापुरा गडी असेल, ठेंगणी बाई असेल, नाहीतर शेजारचे पोरही असेल. आतल्या बाजूला टीव्हीचा कॅमेरा एका सरकत्या मांडणीवर बसवलेला. मोटारीच्या जोरावर तो खाली-वर सरकणार आणि हव्या त्या भोकासमोर थांबणार. कॅमेऱ्यातले चित्र रेडिओलहरींवरून घरातल्या टीव्हीसारख्या पडद्यावर दिसणार. तो पडदा कुठेही ठेवा, पार झोपायच्या खोलीत ठेवला तरी चालेल. शिवाय बोलणे-ऐकणे दोन्ही बाजूंनी होईल असा मायक्रोफोन आणि स्पीकर. दाराचे कुलूप उघडायला लांबूनच चालणारे बटण. आणि शेवटी धोक्याचे बटण : ते दाबले, की रेडिओवरून पहाऱ्यावरच्या माणसाला किंवा पोलिसांना इशारा जाणार.

यातला सुटा सुटा भाग काही नवा नव्हता. बंद वायरीवरचा टीव्ही, ज्याला आपण सीसीटीव्ही म्हणतो, तो जर्मनीत १९४२ सालीच वापरात आला होता. तिथे तो रॉकेट उडताना दुरून पाहण्यासाठी लावला होता. म्हणजे युद्धाच्या कामाला, सरकारच्या मालकीचा! मायक्रोफोन होता, रेडिओ होता, विजेवर चालणारे कुलूपही होते. पण हे सारे एका सामान्य घराच्या दारावर आणून, घरातल्या बाईच्या हाती त्याचे बटण द्यावे, हे कोणाला सुचले नव्हते. सुचायचे तरी कसे? ज्याच्या घराबाहेर पहारेकरी उभा आहे, त्याला रात्री दारावर पडलेल्या थापेची भीती कशी कळणार!

१ ऑगस्ट १९६६ रोजी दोघांनी पेटंटसाठी अर्ज दिला. २ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने त्यांना पेटंट मंजूर केले. क्रमांक ३४८२०३७. चारच दिवसांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्याची बातमी छापली. पेटंटवर दोघांची नावे आहेत आणि पहिले नाव आहे मेरीचे. आम्हाला याचे फार अप्रूप वाटते. आपल्याकडे सातबारावर, लाइटबिलावर, घराच्या पाटीवर बाईचे नाव यायला किती पिढ्या गेल्या, ते ज्याचे त्याने आपल्या घरात पाहावे.

आता पेटंट म्हणजे नेमके काय, हे आपल्या घरांतून फारसे बोलले जात नाही. पेटंट म्हणजे बक्षीस नव्हे की सरकारी शाबासकी नव्हे. तो एक सौदा आहे. शोध लावणाऱ्याने आपली युक्ती नकाशासकट, काही न लपवता जगापुढे लिहून ठेवायची. त्याच्या बदल्यात सरकार त्याला ठराविक वर्षे असा हक्क देते, की त्याच्या परवानगीवाचून ती वस्तू दुसऱ्या कोणी बनवू नये, विकू नये. मुदत संपली की युक्ती साऱ्यांची. मात्र तो माल बाजारात खपवून देण्याची हमी सरकार देत नाही. कारखाना, भांडवल, गिऱ्हाईक हे सारे ज्याने त्याने पाहायचे.

आणि मेरीचे घोडे अडले ते तिथेच. त्या काळचा टीव्ही कॅमेरा काचेच्या नळीवर चालणारा, बोजड आणि महागडा. साध्या कुटुंबाला तो परवडणार नव्हता. यंत्रणा घरोघर विकली गेली नाही. अमेरिकेतल्या तेव्हाच्या कायद्यानुसार पेटंटची मुदत मंजुरीपासून सतरा वर्षे, म्हणजे ते १९८६ च्या डिसेंबरात संपले. योगायोग पाहा : ज्या १९६९ साली मेरीला पेटंट मिळाले, त्याच वर्षी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ या दोघांनी सीसीडी नावाची चिप शोधली. नळीवाचून चित्र टिपणारी ही चिप हीच पुढे स्वस्त कॅमेऱ्यांची आई ठरली आणि त्या दोघांना २००९ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पण कॅमेरा तळहाताएवढा आणि सामान्यांच्या आवाक्यातला होईपर्यंत मेरीच्या पेटंटची मुदत उलटून गेली होती. नंतरच्या तीसहून अधिक पेटंटांमध्ये तिच्या पेटंटचा आधार नोंदवलेला आहे. म्हणजे पाया तिचा, वरचे मजले दुसऱ्यांचे. मेरी २ फेब्रुवारी १९९९ रोजी वारली. तिची मुलगीही नर्स झाली, आणि तिनेही पुढे काही शोध लावले.

मेरीच्या पेटंटवर तिचे नाव आले, हीसुद्धा केवढी मोठी गोष्ट होती, ते कळायला आणखी शंभर वर्षे मागे जावे लागेल.

१८५७ साली अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ऑस्कर स्टुअर्ट नावाच्या मळेवाल्याने पेटंटसाठी अर्ज केला. कापसाच्या शेतात चालवायचे एक औजार होते आणि ते बनवले होते त्याच्या नेड नावाच्या गुलामाने. स्टुअर्टचे म्हणणे असे, की गुलाम माझा, त्याच्या हातांचे कष्ट माझे, तेव्हा त्याच्या डोक्यातली अक्कलही माझीच! १८५८ साली सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याने निर्वाळा दिला, की शोध मालकाने लावलेला नाही, म्हणून मालकाला पेटंट नाही. आणि गुलाम हा नागरिक नाही, म्हणून त्यालाही नाही. नेड तसाच राहिला. ज्याने डोके चालवले त्याला कायद्याच्या दारात उभेही करून घेतले नाही. आपल्या आजा-पणज्यांनी चामडे कमावण्याच्या, दोर वळण्याच्या, मोट शिवण्याच्या किती युक्त्या काढल्या असतील! त्या कोणाच्या नावावर लागल्या?

गुलामगिरी गेल्यावर मात्र काळ्या शोधकांनी मागे वळून पाहिले नाही. लुईस लॅटिमरचेच पाहा. त्याचे आईबाप गुलामीतून पळालेले. बाप जॉर्ज लॅटिमर याला १८४२ साली बोस्टनमध्ये पकडले, तेव्हा तिथल्या लोकांनी चळवळ करून आणि पैसे भरून त्याला सोडवले. मुलगा लुईस पेटंटची कामे करणाऱ्या एका वकिली कचेरीत पोऱ्या म्हणून लागला. नकाशे काढणाऱ्यांच्या मागे उभा राहून तो पाहत राहिला, जुन्या बाजारातून नकाशाची हत्यारे घेतली आणि कला उचलली. त्याच कचेरीत तो मुख्य नकाशेकार झाला. १८७६ साली ग्रॅहम बेलने टेलिफोनच्या पेटंटसाठी अर्ज दिला, त्याचे नकाशे या लॅटिमरच्या हातचे. पुढे विजेच्या दिव्यातली कार्बनची तार टिकाऊ करण्याची पद्धत त्याने शोधली आणि १८८२ साली तिचे पेटंट घेतले. त्याचे राहते घर क्वीन्समध्ये आज संग्रहालय म्हणून जतन केले आहे.

दुसरा ग्रॅनव्हिल वुड्स. जन्म १८५६ चा. धावत्या आगगाडीला तार पाठवायची कशी, हा तेव्हाचा मोठा प्रश्न. एकदा गाडीने स्टेशन सोडले, की पुढचे स्टेशन येईपर्यंत तिचा कोणाशी संपर्क नाही. पुढे गाडी उभी आहे हे मागच्या ड्रायव्हरला कळायचे ते टक्कर झाल्यावर. वुड्सने गाडीत तारेचे वेटोळे बसवले आणि रुळांच्या कडेने तार टाकली. दोन्हींचा एकमेकांना स्पर्श नाही, तरी एकीतल्या विजेच्या बदलाने दुसरीत वीज उमटते आणि निरोप पोचतो. १८८७ साली त्याला पेटंट मिळाले. एडिसनने आणि फेल्प्स नावाच्या दुसऱ्या एका शोधकाने हक्क सांगितला, की हा शोध आमचा आधीचा. एडिसनपुढे उभे राहायचे म्हणजे काय ते सांगायला नको. पण पेटंट कार्यालयाने दोन वेळा निकाल दिला तो वुड्सच्या बाजूने. असा हा माणूस, पन्नासच्या वर पेटंटे नावावर असलेला, १९१० साली कफल्लक अवस्थेत गेला. कोर्टकचेरीने तो धुऊन निघाला होता. क्वीन्सच्याच एका दफनभूमीत त्याला पुरले आणि १९७५ पर्यंत त्या जागेवर नावाचा दगडसुद्धा नव्हता.

आज ज्या मोबाइलवर आपण बोलतो, त्यातल्या मायक्रोफोनची मूळ युक्तीही अशाच एका घरातून आली. जेम्स वेस्ट हा १९३१ साली व्हर्जिनियात जन्मलेला काळा मुलगा पदार्थविज्ञान शिकायचे म्हणाला, तेव्हा आईबाप नाराज झाले. त्या भागात काळ्या शास्त्रज्ञाला नोकरी कोण देणार, ही त्यांची काळजी. त्याने ऐकले नाही. गेरहार्ड सेसलर या जर्मन सहकाऱ्याबरोबर त्याने इलेक्ट्रेट मायक्रोफोन बनवला. कायमचा विद्युतभार धरून ठेवणारा पातळ पापुद्रा वापरल्याने तो लहान आणि स्वस्त झाला. १९६४ साली पेटंट मिळाले. नंतर कितीतरी वर्षे टेलिफोनपासून टेपरेकॉर्डरपर्यंत सगळीकडे हाच मायक्रोफोन होता.

मेरीच्या यंत्राबद्दल एक गोष्ट आम्हाला राहून राहून वाटते. तिचा कॅमेरा आतून बाहेर पाहणारा होता. जिला भीती होती तिच्या हातात बटण होते. आजचे बहुतेक कॅमेरे मालकाचे असतात आणि त्यांची नजर कामगारावर असते. दुकानात काम करणारी मुलगी पाच मिनिटे टेकली तरी मालक घरून फोन करतो. कॅमेरा वाईट नाही. तो कोणाच्या भिंतीवर आहे आणि चित्र कोणाच्या ताब्यात आहे, हे पाहावे लागते.

म्हणून दोन गोष्टी आपल्या घरांतून माहीत असाव्यात. सर्वोच्च न्यायालयाने परमवीरसिंग सैनी यांच्या खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी (तारीख पाहा, मेरीच्या पेटंटचीच!) आदेश दिला, की देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही असावेत. आत येण्या-जाण्याची दारे, कोठडी, व्हरांडा, साऱ्या जागा त्यात याव्यात, चित्राबरोबर आवाजही टिपला जावा आणि रेकॉर्ड दीर्घकाळ जपून ठेवावे. ठाण्यात मारहाण झाली, तर मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करता येते आणि आयोग ते रेकॉर्ड मागवू शकतो. दुसरी गोष्ट अॅट्रॉसिटी कायद्याची. २०१६ च्या जानेवारीपासून लागू झालेल्या दुरुस्तीत कलम १५-अ आले. या कायद्याखालील गुन्ह्यांच्या सर्व कार्यवाहीचे व्हिडिओ रेकॉर्डिंग व्हावे, असे त्यात म्हटले आहे. फिर्याद द्यायला जाणाऱ्याने हे कलम तोंडपाठ ठेवावे. न मागता ते मिळेल, असे आम्ही काही म्हणत नाही.

आता आपल्या शिवाराकडे येऊ. माढा तालुक्यात शेतीपंपाची वीज रात्री येणे आणि विहिरीवरची केबल चोरीला जाणे, ही दोन्ही दुखणी सगळ्यांच्या ओळखीची. बॅटरी घेऊन अंधारात पंप चालू करायला जाणाऱ्या माणसाला विंचूकाट्याची भीती वेगळीच. पुण्याचे इंजिनिअर संतोष ओस्तवाल यांनी आपल्या म्हाताऱ्या आजोबांची ही पायपीट पाहिली होती. त्यातून मोबाइलवरून पंप चालू-बंद करणारे 'नॅनो गणेश' हे यंत्र त्यांनी तयार केले. २००९ साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. पंपाला वीज आहे की नाही ते घरबसल्या कळते आणि केबलला कोणी हात लावला तर फोन वाजावा, अशीही सोय अशा यंत्रांत करता येते. मेरीच्या दाराची आणि या विहिरीची जातकुळी एकच : लांबून पाहणे, लांबून उघड-बंद करणे, धोका असेल तर बोंब मारणे.

आपल्या वस्त्यांतली आय.टी.आय. झालेली, मोबाइल दुरुस्तीची टपरी टाकलेली, मोटार वाइंडिंग करणारी पोरे असे काहीबाही रोज करत असतात. जुन्या मोबाइलचा भोंगा कर, गोठ्याला सेन्सर लाव, असे त्यांचे चाललेलेच असते. त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आपल्याकडे पेटंटचा कायदा १९७० चा आहे आणि पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे. नुसत्या माहीत असलेल्या वस्तू शेजारी-शेजारी मांडल्या आणि प्रत्येक आपापले काम करत राहिली, तर तो शोध धरला जात नाही. त्या एकत्र येऊन काहीतरी नवे काम करू लागल्या पाहिजेत. आणि शोध आधी कोणी लावला यापेक्षा अर्ज आधी कोणी केला, याला आपल्याकडे महत्त्व आहे. यात्रेत, प्रदर्शनात किंवा मोबाइलवर व्हिडिओ टाकून युक्ती सगळ्यांना दाखवून झाली, की मग अर्ज करण्यात फारसा अर्थ उरत नाही. म्हणून आधी अर्ज, मग गाजावाजा.

महाराष्ट्रासाठीचे पेटंट कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवनात आहे, पण अर्ज ऑनलाइनही करता येतो. एकट्या माणसाने केलेल्या ऑनलाइन अर्जाची फी १६०० रुपये. काम अजून अर्धवट असेल, तर आधी तात्पुरता तपशील देऊन तारीख पक्की करता येते. पुढे बारा महिन्यांच्या आत पूर्ण तपशील द्यावा लागतो. छाननीची विनंती आणि तिची फी वेगळी. ती वेळेत केली नाही, तर अर्ज बाद होतो. वकिलाशिवाय अर्ज करायला मनाई नाही, पण आपला हक्क नेमका कशावर आहे ते लिहिणे हे कसबी काम आहे. तेवढ्यापुरता जाणकार गाठावा. नकाशे मात्र घरीही काढता येतात.